पाण्याला पाण्याची आंघोळ

पाणी वाचवून भाजी आणि मासे कसे वाढवायचे हे शिकवणारं केंद्र काढायचं ठरलं, तेव्हा त्या लोकांनी आख्खा नगर जिल्हा फिरून बघितला असणार. आणि फिरून फिरून त्यांनी नेमकी अशी जागा निवडली, जिथं भिंतींनाही पाझर फुटतात. अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या रस्त्याला, भाताच्या खाचरांच्या मधोमध. खाचरात पाणी, ओढ्याला पाणी, आणि वर्गाच्या पत्र्यावर पावसाचा एवढा आवाज की ‘प्रत्येक थेंब मोलाचा आहे’ हे वाक्य सरांना ओरडून सांगावं लागायचं. वर्गाच्या भिंतीवर एक मोठं चित्र होतं. भेगा पडलेली जमीन, आणि तिच्यावर उकिडवा बसून आभाळाकडं बघणारा म्हातारा. त्या चित्राला खालून ओल आली होती. म्हाताऱ्याचे पाय तेवढे भिजले होते.

तो म्हातारा आमच्याकडचा वाटायचा. मी पाथर्डी तालुक्यातली, तिसगावच्या पलीकडची. मॅडमना मी एकदा धीर करून विचारलं होतं, की हे केंद्र आमच्याकडं का नाही काढलं. मॅडम म्हणजे केंद्राच्या मुख्य. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “अगं, पाहुण्यांना यायला जागा बरी नको का?” बरोबर होतं त्यांचं. इथं आलं की धरण दिसतं, डोंगर दिसतात, धबधब्यापाशी फोटो निघतो. तिसगावला साहेब लोक काय बघायला येतील? बाभळी?

म्हणून मग दुष्काळ तिकडं राहिला आणि त्याच्यावरचा उपाय इकडं आला. मधलं अंतर भरून काढायला मला आणलं.

माझी शाळा सातवीत सुटली. सुटली म्हणजे कुणी ठरवून सोडवली नाही. आई-बाप दिवाळी झाली की ऊस तोडायला कारखान्यावर जायचे, आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला कोपीवर कुणीतरी लागायचं. कोपी म्हणजे तोडकऱ्यांची झोपडी. दरवर्षी उन्हाळ्यात परत आले की मास्तर माझ्याकडं पाहुणी आल्यासारखं बघायचे. एक वर्ष त्यांनी बघितलं नाही आणि मीही गेले नाही. मग लग्न झालं, आणि माझ्या हातात माझा कोयता आला. आमच्या धंद्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. लग्नाचं एवढं सोपं गणित दुसऱ्या कुठल्या जातीधर्मात नसेल.

माझी मुलगी तिसरीत गेली आणि तिचे गुरुजीही तिच्याकडं पाहुणी आल्यासारखं बघायला लागले. तेव्हा मला धडकी भरली. त्याच सुमारास आमच्या बचत गटाच्या बैठकीला संस्थेची माणसं आली. त्यांना ‘कोरडवाहू भागातली महिला’ पाहिजे होती. राहायची-जेवायची सोय, लेकरू सोबत आणलं तरी चालेल, आणि प्रशिक्षण संपलं की शिकणाऱ्यांतल्या एकाला केंद्रावर कायम ठेवणार, मागं राहायला खोली देणार. केंद्राच्या जवळच शाळा आहे, असंही त्यांनी सांगितलं. बाकी काय सांगितलं ते मला आठवत नाही. खोली आणि शाळा एवढंच मी ऐकलं.

आमच्या घरच्यांना, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं तर ते म्हणाले, “मासं पाळायला शिकाया चाललीस? आपल्याकडं मान्साला प्यायला टँकर येतोय. मासा काय टँकरवर पोसायचा?”

मी म्हटलं, “पोरीची शाळा हाय तिथं.”

त्यांनी पोरीच्या दप्तराकडं बघितलं. मग म्हणाले, “मग शीक मासं.”

जाहिरातीत दहावी पास पाहिजे असं होतं. मॅडमनी विचारलं, “शिक्षण?” मी म्हटलं, “सातवी.” त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, “चालेल.” हा शब्द मी तेव्हापासून जपून ठेवलाय. पण जपून ठेवला तरी भीती काही जात नव्हती. कुणी कागद हातात घेऊन वर्गात आलं की मला वाटायचं, आता हे माझी सातवी काढणार. म्हणून मी सगळ्यांना थँक्यू म्हणत सुटले होते. चहा दिला की थँक्यू, खुर्ची सरकवली की थँक्यू. एकदा लाईट गेली होती, ती आली, टाकीचा पंप सुरू झाला, तर मी पंपाला थँक्यू म्हटलं. माझ्या शेजारी बसणारी ताई तेव्हापासून मला सोडायची नाही. “ए पाथर्डीवाली, पंप म्हनतोय वेलकम.”

ही ताई तिथलीच, अकोल्याकडची. घरी भाताची शेती, पायाशी पाणी, तरी पाणी वाचवायला शिकायला आलेली. का आलीस विचारलं तर म्हणायची, “घरी सासू हाय.” दुसरे होते फौजी काका. नगरच्या बाजूचे, फौजेतून पेन्शनवर आलेले. त्यांना घरी बसवत नव्हतं आणि घरच्यांना ते घरात बसलेले बघवत नव्हते. आणखी दहा-बारा जण होते, पण आमचं तिघांचं टोळकं झालं, कारण आम्ही तिघंही मागच्या बाकावर.

शिकवायला पुण्याचे सर होते. चांगला माणूस. मान वाकडी करून, हळू बोलायचे. त्यांचा आवडता शब्द ‘शाश्वत’. शाश्वत शेती, शाश्वत अन्न, शाश्वत उपजीविका. केंद्राची पत्र्याची शेड मात्र वाऱ्यानं दरवर्षी उडायची.

शिकवायचे ते असं: खाली टाकीत मासे. माशांची घाण पाण्यात. ते पाणी पंपानं वर चढवायचं, वरच्या वाफ्यात माती नाही, नुसती खडी. त्या खडीला डोळ्यांना न दिसणारे जिवाणू चिकटलेले असतात. ते माशांच्या घाणीचं खत करतात. खत भाजी खाते, पाणी स्वच्छ होतं, आणि स्वच्छ पाणी परत माशांकडं. त्याला ॲक्वापोनिक्स म्हणतात. एकदा भरलेलं पाणी पुन्हा पुन्हा फिरतं. मला हे लई आवडलं. आमच्या गावात पाणी येतं ते जातंच. परत आलेलं पाणी मी पहिल्यांदा बघितलं.

फौजी काकांनी हात वर केला. “सर, म्हणजे हा पालक माशाच्या हगण्यावर वाढलाय.”

सर म्हणाले, “तसं म्हणता येईल.”

“मग हा पालक शाकाहारी का मांसाहारी?”

हा प्रश्न गमतीचा नव्हता. केंद्राच्या स्वयंपाकघराच्या दारावर पाटी होती, ‘मांसाहार सक्त मनाई’. मॅडम शाकाहारी होत्या. म्हणजे मासे वाढवायला शिकवायचं, माशांत किती ताकद असते याचा तक्ता भिंतीवर लावायचा, आणि जेवायला रोज शेवग्याची आमटी. मासा कापायचा कसा हे सरांनी आम्हाला खडूनं फळ्यावर काढून दाखवलं. ताईनं विचारलं, “सर, तळायचा पन फळ्यावरच का?”

सरांनी पालकावर थोडा विचार केला आणि सांगितलं, “तांत्रिकदृष्ट्या शाकाहारी.” मॅडम तोच पालक आवडीनं खायच्या.

आम्हा प्रत्येकाला एक टाकी आणि तिच्यावरचा वाफा नेमून दिला होता. टाकीत चिलापी मासे, वाफ्यात पालक, कोथिंबीर, पुदिना. मॅडमनी सांगून ठेवलं होतं की निधी देणाऱ्या कंपनीचे साहेब भेटीला येतील, त्यांच्यासमोर ज्याची टाकी उत्तम असेल त्याला केंद्रावर ठेवायचा विचार होईल. झालं. तेव्हापासून मी त्या माशांची सून झाले. उठले की आधी टाकी. खाद्य चिमटीनं, वेळेवर, जास्त नाही. पाण्याचा थेंब बाटलीत घ्यायचा, त्यात औषध टाकायचं, आणि रंग बघायचा. पिवळा राहिला तर ठीक, हिरवा झाला तर अमोनिया वाढला, म्हणजे मासे आपल्याच घाणीत गुदमरणार. मी रंग बघताना श्वास धरून ठेवायची. ताई म्हणायची, “तुझ्या तोंडाचाच रंग हिरवा झालाय, त्या बाटलीत काय बघते?”

सरांचा एक नियम होता आणि तो ते रोज सांगायचे. टाकीत खाद्याशिवाय काही टाकायचं नाही. साबणाचा हात नाही, भाकरीचा तुकडा नाही, फूल नाही, पान नाही. “पाणी म्हणजे जिवंत घर आहे. तुमच्या घरात कुणी उंबऱ्यावरून काहीही फेकलं तर चालेल का?” आम्ही एका सुरात म्हणायचो, “न्हाई.”

माझी टाकी चांगली चालली. खोटं कशाला बोलू, सगळ्यांत चांगली चालली. पालक असा माजला की फौजी काका त्याला कडक सलाम ठोकायचे. मासे हाताएवढे झाले. मुलगी शाळेतून आली की टाकीशेजारी बसून पाढे म्हणायची. इथल्या शाळेतल्या बाई तिला पाहुणी समजत नव्हत्या. त्या तिला रागावायच्या. मला एवढं बरं वाटायचं ते ऐकून.

आणि टाकी चांगली चालली हेच नडलं.

साहेबांची तारीख ठरली आणि मॅडम फेरी मारायला आल्या. सगळ्या टाक्या बघत बघत माझ्यापाशी थांबल्या. मागं हिरवागार पालक, खाली निळी टाकी, वर शेडच्या फटीतून उजेड. त्या म्हणाल्या, “बॅनर इथं मागं लावा. जलपूजन ह्याच टाकीवर होईल.”

आमच्या भागात नवं पाणी दिसलं की त्याची पूजा होते, हे खरं आहे. विहिरीला पाणी लागलं, तलाव भरला, की बाया हळदीकुंकू वाहतात, खणा-नारळानं ओटी भरतात, दूध सोडतात. विहिरीला ते पचतं. विहीर केवढी. माझी टाकी केवढी.

मी सरांना गाठलं. म्हटलं, “सर, हळदीकुंकू पाण्यात पडंल.”

“थोडंसंच पडेल.”

“दूधबी सोडणार म्हणतात.”

“प्रतीकात्मक असेल गं.”

“पन सर, तुमीच म्हनला होता, फूलसुद्धा न्हाई.”

सर त्यांची वाकडी मान आणखी वाकडी करून म्हणाले, “तो नियम प्रशिक्षणार्थींसाठी आहे. पाहुण्यांसाठी नाही.”

मग मी मॅडमकडं जायचं ठरवलं आणि ऑफिसच्या दारापर्यंत गेलेही. आत मॅडम फोनवर बोलत होत्या की आपल्याकडं कोरडवाहू भागातली एक महिला आहे, फार गुणी आहे, कधी नाही म्हणत नाही. मी दारातूनच परत फिरले. ज्या बाईचा एकच गुण सांगितला जातोय, तिनं तोच मोडायचा? फौजी काकांना सांगितलं तर ते म्हणाले, “पोरी, वरून ऑर्डर आली की आपण विचारत न्हाई. आपण मागं सरून आडोशाला पडायला जागा बघून ठेवतो.”

साहेब आले. केंद्राच्या दारात बॅनरवर जिल्ह्याचं नवं नाव होतं, पण प्रत्येक पाहुणा गाडीतून उतरताना म्हणायचा, “नगरहून निघायलाच उशीर झाला.” फेटे बांधले. सरांच्या फेट्यानं त्यांची मान थोडी सरळ झाली. मला नवी साडी नेसायला सांगितलं होतं, आणि माझ्या मुलीला पुढं उभं केलं होतं, कारण ती दुबळी दिसायची.

पूजा सुरू झाली. आधी हळद. मग कुंकू. मग अक्षता, मग फुलं, मग नारळ फोडून त्याचं पाणी. मग साहेबांच्या हातात दुधाचा तांब्या आला. प्रतीकात्मक असेल म्हणून मी डोळे मिटले. उघडले तर साहेब तांब्या पालथा करून त्याच्या बुडाला टिचक्या मारत होते, की थेंबही वाया जायला नको. मग दुसऱ्या पाहुण्यांनाही मान पाहिजे, म्हणून दुसरा तांब्या. पाणी तिरंगी का काय म्हणतात तसं झालं.

तेवढ्यात साहेबांनी माईक घेतला. माईकमध्ये घर्रर्र आवाज यायला लागला. माईकवाला म्हणाला, “तो पंप बंद करा, त्याची घरघर येती.” आणि कुणीतरी पंप बंद केला.

पंप म्हणजे माशांचा श्वास. हे वर्गात लिहूनच ठेवलं होतं, शेवग्याच्या आमटीच्या वेळापत्रकाशेजारी. पंप थांबला की पाणी खेळत नाही, पाणी खेळलं नाही की हवा मिळत नाही. एरवी मासे तेवढं सोसतात. पण हळद, कुंकू आणि दोन तांबे दूध प्यायलेलं पाणी काय सोसणार? साहेब पाण्याविषयी बोलायला लागले. पाणी म्हणजे जीवन, पाणी म्हणजे संस्कृती. भाषण लांबत गेलं आणि खाली एकेक चिलापी वर यायला लागली. तोंड पाण्याबाहेर, आ वासलेलं. आधी दोन-चार, मग सगळ्याच.

मी सरकत सरकत सरांपाशी गेले. “सर, मासं वर आलंत.”

सर कॅमेऱ्याकडं बघून हसत होते. ओठ न हलवता म्हणाले, “दिसतंय मला.”

“पंप लावा की.”

“भाषण संपू दे.”

“कवा संपंल?”

“ते साहेबांनाच माहीत.”

तेवढ्यात साहेबांचं टाकीकडं लक्ष गेलं. ते बोलायचे थांबले, चेहरा उजळला, आणि म्हणाले, “बघा, बघा. मासेसुद्धा ऐकायला वर आले.”

टाळ्या पडल्या. मॅडमनी वाजवल्या, सरांनी वाजवल्या, मीसुद्धा वाजवल्या. फौजी काका माझ्या कानाशी म्हणाले, “अजून दोन मुद्दे बोलले तर उताणे होऊन ऐकतील.”

मला समोर उताणे मासे दिसायला लागले. आणि त्यांच्यामागं आमच्या घरच्यांचा फोन, ऊसतोडीच्या मुकादमाची गाडी, कोपी, आणि कोपीच्या दारात भांडी घासणारी माझी मुलगी. ‘पंप लावा’ असं मोठ्यानं म्हणायला तोंड उघडलं, आणि ते मासे जसं तोंड उघडत होते तसंच ते नुसतं उघडलं. आवाज निघेना. पुढं गेले. पूजेच्या ताटातला रिकामा तांब्या उचलला. टाकीत बुडवला, भरला, हात जमेल तेवढा वर नेला आणि वरून धार सोडली. पुन्हा बुडवला, पुन्हा सोडली. धार पडली की पाणी फेसाळतं, फेसाळलं की त्यात हवा जाते, एवढंच डोक्यात होतं.

मॅडमची नजर माझ्या पाठीला लागलेली मला कळत होती. साहेबांनी माईक खाली केला आणि विचारलं, “हे काय?”

आणि माझ्या तोंडून निघालं, “आमच्याकडची रीत हाय साहेब. पूजा झाली की पाण्याला पाण्याची आंघोळ घालत्यात. न्हाईतर पूजा अपुरी ऱ्हाती.”

ज्या गावात हंडा हिंदकळून पाणी सांडलं तर दोन घरांत बोलणं बंद होतं, त्या गावात पाण्याला आंघोळ घालतात, हे कुणाला खरं वाटावं? सगळ्यांना वाटलं.

“अरे वा,” साहेब म्हणाले. “किती सुंदर कल्पना आहे.”

सर एका पावलात पुढं आले. “जिल्ह्याच्या पूर्व भागातली फार जुनी परंपरा आहे, सर. आता लोप पावत चाललीय.” मला माहीत होतं की सरांना माहीत होतं. पण त्यांचा चेहरा असा गंभीर होता की क्षणभर मलाच शंका आली, आमच्यात खरंच असं करत असतील आणि मलाच कुणी सांगितलं नसेल.

साहेबांनी तांब्या मागितला. त्यांनीही धार सोडली. फोटोवाला ओरडला, “साहेब, वरून. अजून वरून, धार दिसू द्या.” देव त्या फोटोवाल्याचं भलं करो. मग सगळ्यांनाच करायचं होतं. पाहुण्यांची रांग लागली. ताई पदर खोचून पुढं झाली आणि दोन्ही हातांनी दोन तांबे ओतायला लागली. फौजी काकांनी तर कुठून तरी बादली आणली. साहेब म्हणाले, “बादलीनंही करतात?” काका छाती काढून म्हणाले, “आमच्या पलटणीत बादलीनंच करायचे, सर.”

मासे एकेक करून खाली गेले. मी धीर धरून म्हटलं, “आता पानी खेळतं ठेवायचं असतं साहेब, रात पडंस्तोवर.” आणि साहेबांनी स्वतःच्या हातानं पंपाचं बटण दाबलं. त्यालाही टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या टाकीतलं निम्मं पाणी काढून ओढ्याला सोडलं आणि नवं भरलं, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. प्रत्येक थेंब मोलाचा आहे असं त्या दिवसांत सर वर्गात बोलले नाहीत. काही मासे तरीही गेले. ते ताईनं पिशवीत घातले. म्हणाली, “इथं शिजवायचं न्हाई, पन घरी तर चालतं. दुधानं न्हाल्यात, पुन्यवान हायेत.” पालक पिवळा पडला तो बरेच दिवस सावरला नाही.

मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं तेव्हा मी मनातून सामान बांधलं होतं. पिवळा पालक त्यांनी बघितला असणार. अमोनिया म्हणजे काय, तो कशानं वाढतो, कसा उतरवायचा, सगळं मी पाठ करून गेले होते. मॅडमनी त्यातलं काही विचारलं नाही. “साहेब फार खूश आहेत तुझ्यावर,” त्या म्हणाल्या. “पुढच्या वेळी त्यांचे वरचे साहेब येणारेत. तेव्हा तो विधी व्हायलाच पाहिजे. तू राहा इथं.”

मी थँक्यू म्हटलं. मनापासून म्हटलं. बाहेर आले आणि शेडमागं जाऊन आधी रडले, मग हसले. मासे सगळ्यांत चांगले वाढवले त्याबद्दल मला कुणी ठेवलं नव्हतं. मी खोटं चांगलं बोलले म्हणून ठेवलं होतं. पण खोली खरी होती. शाळाही खरी होती. मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे मी दिवाळीनंतरबी रोज जायचं? रोज?” आणि तिचं तोंड पडलं, कारण तिला गणित आवडत नाही.

आमचे घरचे त्या हंगामाला धाकट्या दिराबरोबर गेले. फोनवर म्हणाले, “अर्धा कोयता केलंस मला तू.” मग म्हणाले, “पोरगी जाती का पन शाळंत?”

“जाती. रडत जाती.”

“जाऊ दे. रडू दे.”

माझी रीत मात्र वाढत गेली. सरांनी तिच्यावर पडद्यावर दाखवायचं एक पान बनवलं. ‘पूर्व भागातील जलस्नान परंपरा’. खाली ‘शतकानुशतके’ असा शब्द होता. माझी तिशीही उलटली नव्हती. टाकीशेजारी पितळी तांबे टांगले. मॅडमनी एकदा पाहुण्यांना समजावून सांगितलं की ह्या विधीमागं शास्त्र आहे, पाण्यात हवा मिसळते. आपले पूर्वज किती पुढारलेले होते, असं पाहुणे म्हणाले. पूर्वज म्हणून मी मान खाली घातली. पंप मात्र अजून भाषणाच्या वेळी बंद करतात. आता त्यांना काळजीच नाही, विधी आहे ना.

मला काळजी होती ती दुसरीच. पुढच्या तुकडीला पुन्हा कोरडवाहू भागातल्या महिला पाहिजे होत्या, आणि ज्या आल्या त्यांतली एक आमच्याच शिवेची निघाली. माझ्या गावापासून तिचं गाव हाकेच्या अंतरावर. पन्नाशीच्या मावशी, उन्हानं रापलेल्या, सगळीकडं बारीक डोळ्यांनी बघणाऱ्या. ह्या एक शब्द बोलल्या की माझी परंपरा, माझी खोली आणि मुलीचं दप्तर सगळं एका गाडीत.

पहिल्याच दिवशी मॅडमनी मला विधी करून दाखवायला सांगितला. तांब्या टाकीच्या काठाला वाजला. धार सोडून झाली आणि मॅडम कौतुकानं मावशींकडं वळल्या. “तुमच्याकडचीच प्रथा आहे ना ही?”

मावशी माझ्याकडं बघत राहिल्या. मग टाकीकडं, मग शेडच्या कडेला गणवेशात उभ्या असलेल्या माझ्या मुलीकडं, मग मागच्या खोलीच्या दाराला लावलेल्या माझ्या पडद्याकडं. मी देवाचं नाव घ्यायलासुद्धा विसरले.

“व्हय,” मावशी म्हणाल्या. “माझी सासू करायची. पन आमच्यात पाच तांबे असत्यात. हिनं तीनच घातले.”

मॅडमनी लगेच सरांना सांगितलं, पानावर दुरुस्ती करा.

संध्याकाळी भांडी घासताना मावशी माझ्या शेजारी येऊन बसल्या. मला वाटलं आता हसतील, नाहीतर शिव्या देतील. मी कढई घासत राहिले. त्यांनी इकडंतिकडं बघितलं, आवाज बारीक केला आणि विचारलं, “गं, बायांला हितं कायम ठेवत्यात का?”

“एकीलाच ठेवत्यात,” मी म्हटलं.

“अस्सं,” मावशी म्हणाल्या, आणि माझ्या हातातली कढई ओढून घेऊन घासायला लागल्या. “माझी नात हाय चौथीत. आन् सासू आनखीबी लई काय काय करायची.”